ताऱ्याचा भडका अनेक तरंगलांबींत कसा टिपावा

१ मे २०१९ रोजी प्रॉक्झिमा सेंटॉरीवर, म्हणजे सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळ असलेल्या ताऱ्यावर, एक भडका उडाला. त्या वर्षी काही महिन्यांत मिळून सुमारे ४० तास नऊ दुर्बिणी या ताऱ्यावर लक्ष ठेवून होत्या. त्यांपैकी पाच दुर्बिणींना हा भडका सापडला: ऑस्ट्रेलियातली आस्काप, चिलीतली आल्मा, अवकाशातल्या हबल आणि टेस, आणि चिलीतलीच द्यु पाँ. हबलच्या दूर-अतिनील नोंदीत तारा १४,००० पटींहून जास्त उजळला होता, तर आल्माच्या मिलिमीटर लहरींत हजार पटींहून जास्त. सुरुवातीची उसळी दहा सेकंदांच्या आत संपली. दृश्य प्रकाशात मात्र वाढ किरकोळ होती, आणि तीही मागाहून आली.

फक्त दृश्य प्रकाशाची दुर्बीण असती, तर ही घटना 'छोटा फ्लेअर' म्हणून वहीत जाऊन विसरली गेली असती. एका तरंगलांबीत पाहिलेला भडका हा भडक्याचा एक मजला असतो. वरचे-खालचे मजले कधी उजळले आणि कोण आधी, कोण नंतर, हे कळले तरच त्यातले भौतिकशास्त्र हाती लागते. म्हणून या लेखात दुर्बीण, कॅमेरा, सॉफ्टवेअर सगळे येईल, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते घड्याळ. वेळ बिनचूक असेल तर गच्चीवरच्या आठ इंची दुर्बिणीची नोंद उपग्रहाच्या नोंदीशेजारी मानाने बसते. वेळ चुकली, तर कितीही सुंदर आलेख असो, तो कशाशीच जोडता येत नाही.

भडक्यात काय घडते, आणि कुठे दिसते

ताऱ्याच्या पृष्ठभागावर आलेली चुंबकीय क्षेत्ररेषांची वेटोळी वर कोरोनात (ताऱ्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणात) पिळली जातात, तुटतात आणि नव्याने जोडली जातात. त्यातून सुटलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देते. हे इलेक्ट्रॉन चुंबकीय वेटोळ्यांत गरगरत जातात तेव्हा गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींत आणि मिलिमीटर लहरींत प्रारण निघते. काही इलेक्ट्रॉन खाली दाट क्रोमोस्फिअरवर (कोरोनाखालच्या थरावर) आदळतात. तिथे कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण, अतिनील आणि निळसर पांढरा प्रकाश निघतो. या प्रकाशाचे तापमान साधारण ९,००० ते १०,००० केल्विन मोजले जाते. तापलेला वायू मग वेटोळ्यात वर चढतो, एक-दोन कोटी अंशांवर किंवा त्याहूनही वर पोहोचतो आणि मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांत झळकू लागतो. हा वायू हळूहळू निवतो, त्यामुळे मृदू क्ष-किरणांचा आलेख सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो.

आधी पांढरा प्रकाश आणि रेडिओ, मग मृदू क्ष-किरण हा क्रम सूर्यावर वर्नर न्यूपर्ट यांनी १९६८ मध्ये दाखवला. मृदू क्ष-किरणांच्या आलेखाचा चढ, म्हणजे दर क्षणाला होणारी वाढ, रेडिओच्या आलेखासारखी दिसते. यालाच न्यूपर्ट परिणाम म्हणतात. ताऱ्यांवरही तो अनेकदा दिसतो, पण दर वेळी नाही. जिथे तो मोडतो तिथे नेमके काय वेगळे घडले, हा आजही खुला प्रश्न आहे, आणि मला या विषयात सर्वांत जास्त ओढून घेतो तो हाच.

तारा निवडा

सुरुवातीला लाल बटूंकडेच, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड ताऱ्यांकडेच, वळा. ते मुळात मंद आणि लालसर असतात, त्यामुळे निळा भडका त्यांच्यावर उठून दिसतो. तेवढाच भडका सूर्यासारख्या ताऱ्याच्या झगमगाटात हरवतो.

महाराष्ट्रातून पाहायला तीन तारे मी पुढे ठेवीन. वायझेड कॅनिस मायनॉरिस हा प्रश्वापासून साधारण दोन अंशांवर आहे, दृश्यप्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितका तारा मंद) ११.२ च्या आसपास. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत तो सोयीचा. एडी लिओनिस सिंह राशीत, दृश्यप्रत साधारण ९.४, अंतर १६ प्रकाशवर्षे. पुण्याहून तो जवळजवळ डोक्यावरून जातो, यापेक्षा चांगली जागा नाही. अडचण एकच: दुसऱ्या प्रतीचा अल्जिबा त्याच्यापासून जेमतेम पाच कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे. चित्रचौकटीत अल्जिबा आला तर तो कॅमेरा भरून टाकतो आणि त्याची आभा एडी लिओनिसवर पसरते. चौकट थोडी पश्चिमेला सरकवून अल्जिबा बाहेर ठेवा, आणि तरीही पार्श्वभूमीत उतार राहिला आहे का ते तपासा. तिसरा ईव्ही लॅसर्टी. सरठ तारकासमूहातला हा तारा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर, संध्याकाळीच उंच असतो. २५ एप्रिल २००८ रोजी याच ताऱ्याने इतका मोठा भडका दिला की गॅमा-किरण स्फोट शोधणारा स्विफ्ट उपग्रह आपोआप त्याच्याकडे वळला.

प्रॉक्झिमाचा मोह टाळा. पुण्याहून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त नऊ अंश वर येतो, आणि तिथली हवा कुठलीही बारीक मोजणी टिकू देत नाही.

घड्याळ लावा

दुर्बिणीच्या आधी हे करा. संगणकाचे स्वतःचे घड्याळ रात्रभरात सेकंदांनी सरकते, म्हणून इंटरनेटवरून वेळ घेणारा एनटीपी प्रोग्रॅम बसवून ते दर काही मिनिटांनी जुळवत राहा, किंवा जीपीएसवरून वेळ घ्या. चित्राच्या फाइलीत कॅमेरा बहुधा एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ लिहितो. आपल्याला मधली वेळ हवी, म्हणून एक्स्पोजरचा निम्मा काळ मिळवा. आपले सॉफ्टवेअर नेमकी कोणती वेळ लिहिते, ते एकदा बसून तपासाच.

आता प्रत्यक्ष आकड्यांनी पाहू. समजा फेब्रुवारीच्या मध्यात एडी लिओनिसवर रात्री १० वाजून ४७ मिनिटे १० सेकंदांनी भडक्याचा माथा मिळाला. साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ येते १७:१७:१०. ज्युलियन दिनांक, म्हणजे खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी, जागतिक वेळेच्या दुपारी बारा वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो. माध्यान्हापासून ५ तास १७ मिनिटे १० सेकंद झाले, म्हणून दिनांकाचा अपूर्णांक ०.२२०२५. (साडेपाचला बदलण्याचा आपल्याला एक फायदा आहे: आपली अख्खी रात्र एकाच ज्युलियन दिनांकात बसते.)

इथे बरेच जण थांबतात. टेस उपग्रहाची वेळ मात्र पृथ्वीवरची नसते. ती सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी नेलेली असते आणि वेगळ्या कालमानात असते. फेब्रुवारीत एडी लिओनिस सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो, म्हणजे त्याचा प्रकाश गुरुत्वमध्यापेक्षा आपल्याकडे साधारण आठ मिनिटे आधी पोहोचतो. ती आठ मिनिटे मिळवायची. शिवाय २०१७ पासून जागतिक वेळ आणि ते कालमान यांत ६९.१८ सेकंदांचा फरक आहे, तोही मिळवायचा. एकूण नऊ मिनिटांहून जास्त. हे केले नाही तर एकच भडका दोन आलेखांत नऊ मिनिटांच्या अंतराने दिसेल, आणि नसलेला 'विलंब' शोधल्याचा आनंद होईल. पायथनमधले ॲस्ट्रोपाय हे गणित काही ओळींत करून देते. ताऱ्याचे स्थान आणि तुमचे अक्षांश-रेखांश तेवढे अचूक द्या. उपग्रहांच्या मूळ फाइलींत वेळ सेकंदांत मोजलेली असते आणि प्रत्येकाचा आरंभ वेगळा असतो. ॲस्ट्रोसॅटचा १ जानेवारी २०१०, स्विफ्टचा १ जानेवारी २००१, एक्सएमएम-न्यूटनचा १ जानेवारी १९९८. प्रत्येक माहितीसंच एकाच कालमानात आणल्याशिवाय आलेख काढायला बसू नका.

निळ्या प्रकाशातली नोंद

६ ते ८ इंची दुर्बीण, मागोवा घेणारे माउंट आणि कृष्णधवल सीमॉस कॅमेरा एवढे पुरे. फिल्टर एकच घ्यायचा असेल तर बी (निळा) घ्या. भडका निळा, तारा लाल. म्हणून जो भडका लाल फिल्टरमध्ये गोंगाटात बुडतो तो बी मध्ये स्पष्ट दिसतो. यू (अतिनीलकडच्या) फिल्टरमध्ये तो आणखी उठतो, पण लहान दुर्बिणीला तिथे प्रकाश फार कमी मिळतो. डीएसएलआर असेल तर फक्त निळा रंगमार्ग वेगळा काढून मोजा.

एक्स्पोजर लहान ठेवा: एडी लिओनिससाठी १५-२० सेकंद, वायझेड कॅनिस मायनॉरिससाठी ३०-४०. दोन मिनिटांचे एक्स्पोजर घेऊन चित्र सुंदर येते, पण भडक्याची पहिली चढण, जी सर्वांत मोलाची, ती त्यात विरघळून जाते. डार्क, बायस, फ्लॅट (कॅमेऱ्याचे दोष काढून टाकायला लागणारी चित्रे) नेहमीप्रमाणे घ्या. तारा रात्रभर शक्यतो त्याच पिक्सेलांवर ठेवा.

शहरातला उजेड इथे फारसा आड येत नाही. आपण त्याच चौकटीतल्या स्थिर ताऱ्याशी तुलना करणार असतो, त्यामुळे ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या गच्चीवरूनही हे काम होते. तुलनेचे तारे एएव्हीएसओच्या (बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संघटनेच्या) नकाशावरून निवडा: एक तुलनेचा, एक पडताळणीचा. शक्य तितके लालसर घ्या. तुलनेचा तारा निळा असला तर तो खाली उतरत जाताना हवा दोघांचा प्रकाश वेगवेगळा खाते आणि आलेखाला खोटा उतार येतो. मोजणीसाठी ॲस्ट्रोइमेजजे फुकट मिळते आणि उत्तम चालते.

खरा भडका की भास?

खरा भडका झपकन चढतो आणि सावकाश उतरतो. माझा निकष असा: शांत पातळीच्या तीन सिग्मांवर (सिग्मा म्हणजे शांत बिंदूंचा नेहमीचा विखुरलेपणा) सलग किमान तीन बिंदू हवेत, त्या वेळी पडताळणीचा तारा स्थिर हवा, आणि ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी बदललेली नसावी. एकाच चित्रात उसळी दिसली तर ते चित्र उघडून डोळ्यांनी पाहा. उपग्रहाची रेघ, वैश्विक किरणाचा ठिपका किंवा वाऱ्याने हललेली दुर्बीण, यांतले काहीतरी बहुधा सापडते. काहीच सापडले नाही तरी एका बिंदूला भडका म्हणू नका. नोंद करून ठेवा, कारण त्याच क्षणाची क्ष-किरण नोंद पुढे कधीतरी हाती येऊ शकते.

भडका ठरला की त्याची ताकद मोजा. शांत प्रकाशाच्या वर आलेला भाग शांत प्रकाशाच्या पटीत घ्या आणि भडक्याच्या पूर्ण काळात बेरीज करा. मिळणाऱ्या आकड्याचे एकक सेकंद असते आणि त्याला समतुल्य कालावधी म्हणतात. समजा माथा ०.२ प्रतीचा, म्हणजे २० टक्के वाढ, आणि उतार पाच मिनिटांच्या घातांकी कालस्थिरांकाचा, म्हणजे दर पाच मिनिटांनी उसळी सुमारे ३७ टक्के उरते. मग ०.२ गुणिले ३०० म्हणजे सुमारे ६० सेकंद. एडी लिओनिस शांत असताना बी पट्टीत सेकंदाला ढोबळमानाने ८ × १०^२९ एर्ग (ऊर्जेचे एकक) सोडतो. गुणाकार येतो ५ × १०^३१ एर्गच्या जवळपास. हा नुसता बी पट्टीतला आकडा आहे. पूर्ण प्रकाश धरला तर काही पट वाढतो. सूर्यावरचे सर्वांत मोठे भडके १०^३२ एर्गच्या घरातले. म्हणजे ०.२ प्रतीची ती किरकोळ दिसणारी उसळी सूर्यावरच्या मोठ्यात मोठ्या भडक्याच्या बरोबरीची आहे, आणि हे सूर्याच्या निम्म्याहूनही लहान ताऱ्यावर. असे तारे ग्रह बाळगून असतात, म्हणूनच या मोजणीला वजन आहे.

उरलेल्या तरंगलांबी संग्रहातून

क्ष-किरण आणि बहुतेक अतिनील प्रकाश वातावरण अडवते. तिथे गच्चीवरून काही होत नाही. पण उपग्रहांची जुनी निरीक्षणे खुल्या संग्रहांत असतात, कुणीही उतरवून घेऊ शकते. जून ते सप्टेंबर आपले आकाश झाकलेले असते, तेव्हा हेच काम हाती घ्या.

पहिला सराव एक्सएमएम-न्यूटनवर करा. या उपग्रहावर क्ष-किरण कॅमेऱ्यांसोबत अतिनील आणि दृश्य प्रकाशाची ३० सेंटिमीटरची दुर्बीण त्याच दिशेला जोडलेली आहे. दोन्ही नोंदी एकाच घड्याळावर असल्याने वेळ जुळवण्याचा ताण नाही. १२ ऑगस्ट २००१ चे प्रॉक्झिमाचे निरीक्षण उघडा. मान्युएल ग्युडेल आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आहे. दृश्य-अतिनील उसळी आणि क्ष-किरणांचा सावकाश चढ शेजारी ठेवला, की न्यूपर्ट परिणाम पुस्तकातून बाहेर येतो. पडताळणी सोपी आहे: क्ष-किरणांच्या आलेखातला बिंदूगणिक फरक काढा, तो थोडा गुळगुळीत करा आणि अतिनील आलेखावर ठेवा. दोन माथे जुळले तर न्यूपर्ट पाळला गेला. मोठ्या प्रमाणावर हे कसे करतात ते एयू मायक्रोस्कोपीच्या २०१८ मधल्या सात दिवसांच्या मोहिमेत दिसते. एक्सएमएम-न्यूटन, स्विफ्ट, रेडिओ दुर्बिणी आणि जमिनीवरच्या दुर्बिणी एकत्र लावून त्यात ७३ भडके वेगळे काढले गेले.

ॲस्ट्रोसॅटशी आपले नाते जवळचे. २८ सप्टेंबर २०१५ ला झेपावलेल्या या उपग्रहावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली, आणि वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्ष पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आहे. अतिनील आणि क्ष-किरण इथेही एकाच वेळी मिळतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा: निकट-अतिनील मार्ग २०१८ मध्ये बंद पडला, त्यानंतरच्या निरीक्षणांत दूर-अतिनीलच शोधा. शिवाय पृथ्वीलगतच्या कक्षेतले उपग्रह दर फेरीत काही वेळ आंधळे होतात, कारण पृथ्वी मध्ये येते. आलेखातल्या त्या फटी रेषेने जोडू नका. मोठ्या भडक्याचा माथा नेमका फटीत गेलेला असू शकतो.

टेसची माहिती मास्ट संग्रहातून पायथनच्या लाइटकर्व्ह पॅकेजने काही मिनिटांत उतरते. ही दुर्बीण ६०० ते १,००० नॅनोमीटरमध्ये, म्हणजे लालात पाहते, म्हणून भडके छोटे दिसतात. पण जवळजवळ महिनाभर अखंड पाहते. भडके किती वेळाने येतात हे शिकायला याहून चांगले साधन नाही. शक्य असेल तिथे २० सेकंदांची नोंद घ्या, कारण दोन मिनिटांच्या नोंदीत माथा बोथट होतो.

रेडिओ: खोडदची दुर्बीण

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. सुधारित जीएमआरटी साधारण १२० ते १,४५० मेगाहर्ट्झ ऐकते, आणि लाल बटूंसाठी ही पट्टी फार बोलकी आहे. इथे इलेक्ट्रॉनांचे एकत्रित, लयबद्ध प्रारण सापडू शकते. इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन मेसर या प्रकारात प्रारणाची वारंवारता थेट चुंबकीय क्षेत्र सांगते: दर गाउसला २.८ मेगाहर्ट्झ. ६५० मेगाहर्ट्झवर असा स्फोट दिसला, तर उगमापाशी सुमारे २३० गाउसचे क्षेत्र आहे. दुरून चुंबकीय क्षेत्र मोजण्याची इतकी सरळ वाट दुसरीकडे क्वचितच मिळते.

असे स्फोट बहुधा तीव्र वर्तुळाकार ध्रुवित असतात, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा एकाच बाजूने फिरत राहते. म्हणून वेळ-वारंवारता आलेख ध्रुवणासह काढा. मोबाइल किंवा उपग्रहाचा हस्तक्षेप ओळखायला त्याची मदत होते. संशय आला तर त्याच क्षणी आकाशातल्या रिकाम्या जागेचाही आलेख काढा. तिथेही तेच दिसले तर तो तारा नव्हे. जुनी माहिती जीएमआरटीच्या ऑनलाइन संग्रहात आहे, पण ती हाताळायला कासा हे सॉफ्टवेअर शिकावे लागते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकासह वेळेसाठी प्रस्ताव द्या. वर्षातून दोनदा मागवतात.

रेडिओ स्फोटाला प्रत्येक वेळी दृश्य जोडीदार मिळत नाही, आणि दृश्य भडक्याला रेडिओ मिळत नाही. जबरदस्तीने जोड्या लावू नका. 'या वेळेत निळ्यात काहीही घडले नाही' हे खात्रीने सांगता येणे, ही रेडिओवाल्यांसाठी फार उपयोगी माहिती आहे, आणि ती तुमच्या गच्चीवरून देता येते.

नोंद पाठवताना

निरीक्षणाची सुरुवात, शेवट आणि ढगांनी खाल्लेला वेळ लिहा. त्याशिवाय भडक्यांचा दर काढता येत नाही. भडक्याचेच नव्हे, सगळे बिंदू एएव्हीएसओला पाठवा, शांत रात्रीचेही. फिल्टर, एक्स्पोजर, तुलनेचे तारे, घड्याळ कशाने जुळवले, आणि वेळ कोणत्या कालमानात दिली आहे ते स्पष्ट नमूद करा. मोठ्या दुर्बिणींच्या मोहिमा ठरतात तेव्हा जमिनीवरून साथ हवी असल्याची सूचना एएव्हीएसओवर येते. त्यात तारीख आणि वेळ जागतिक वेळेत असते. ती आपल्या वेळेत बदलून घ्या आणि दिलेल्या वेळेच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत तारा सोडू नका. मूळ चित्रे निदान ती मोहीम प्रकाशित होईपर्यंत पुसू नका, कारण एखाद्या क्ष-किरण माथ्याच्या नेमक्या मिनिटाचे चित्र पुन्हा मोजून द्या, असा निरोप वर्षभराने येऊ शकतो.